पांढऱ्याखालची कातडी

डुक्कर घ्यायला आलेला माणूस आधी लांबी बघतो, मग सड मोजतो, मग चालवून पाय बघतो. टमरेलची रीत वेगळी. तो पत्र्याचा डबा पाण्यानं भरून घ्यायचा आणि जनावराच्या मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश धार सोडायचा. पांढरे राठ केस भिजून अंगाला चिकटले की खालची कातडी उघडी पडते. ती गुलाबी असली तर बोलणी पुढं. कुठं निळसर, शाई सांडून पुसल्यासारखा डाग दिसला, की तो डबा पालथा करून म्हणायचा, "न्या घरी. केस पांढरे आहेत, कातडी नाही."

त्या डब्यावरूनच त्याला टमरेल नाव पडलं. तोंडावर सगळे मालक म्हणायचे, पाठ वळली की टमरेल. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. कुणी टोपीचा विषय काढला की त्याच्या मानेची शीर उठायची.

टोपी लोकरीची, तपकिरी, भुवयांपर्यंत ओढलेली. शेडचा पत्रा तापून खालची डुकरं धापा टाकायची त्या दिवसांतही ती डोक्यावर. "डुकरांच्या उवा," तो सांगायचा. "केस ठेवले की चढतात. म्हणून दर रविवारी भादरून टाकतो, आणि वर टोपी." लोक म्हणायचे, डुकरं आम्हीही पाळतो, आमच्या डोक्यात का नाही चढत? त्यावर खाटीक डोळा मारायचा. हा खाटीक टमरेलची बाद जनावरं उचलायचा आणि सुरीपेक्षा जीभ जास्त चालवायचा. "उवांनाही चव असते रे," तो म्हणायचा. "मालकांचं डोकं शुद्ध वाणाचं."

वाण मात्र खरंच शुद्ध होतं. रस्ता जिथं संपतो तिथं लोखंडी फाटक, आत सिमेंटची, गटाराकडं उतरती जमीन, दोन्ही वेळा धुतलेली. त्याच्याकडचा नर लावला की वेतातलं प्रत्येक पिलू लांब पाठीचं, उभ्या कानांचं आणि कापूस पिंजून ठेवल्यासारखं पांढरं निघायचं. लांबलांबून लोक गाभण करून घ्यायला माद्या घेऊन यायचे. आणि आलेल्याला तो व्याख्यान दिल्याशिवाय सोडायचा नाही.

"पांढरा रंग लबाड असतो. काळ्या मादीवर पांढरा नर सोडा, पिल्लं पांढरी. ठिपकेवालीवर सोडा, तरी पांढरी. तो सगळ्यांच्या उरावर बसतो. पण खालचं मरत नाही, दबून राहतं. अशी दोन दबलेली एकत्र आली की एखाद्या वेतात निघतं बाहेर ठिपक्याचं पिलू. ही झाकली खोट. अर्धी नराची, अर्धी मादीची."

"आणि उघडी खोट?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं, कारण पुढचं ऐकायला मजा यायची.

"उघडी म्हणजे पट्टा. काळ्या अंगावर खांद्याभोवती पांढरा पट्टा असतो ना, तो. त्याला दोघं लागत नाहीत, एकटा पुरतो. पण पट्टा उडी मारत नाही. आजोबाकडून थेट नातवाकडं जायचा नाही, मधल्याच्या अंगावर कुठंतरी बसूनच पुढं सरकेल. पट्ट्याचं पिलू निघालं की लांब शोधायला जाऊ नका. पट्टेवाला जिवंत आहे आणि जवळच आहे."

बोलणं असं चोख. करणं निराळं. ठिपक्याचं पिलू निघालं, की आईनं चाटून कोरडं करायच्या आत तो त्याला मागच्या पायांना धरून उचलायचा आणि पाण्याच्या कुंडीच्या कडेवर आपटायचा. एकदाच. दुसऱ्यांदा आपटावं लागलं तर त्याला ते हातातलं कसब गेल्यासारखं वाटे. मग मादी खाटकाकडं जायची. नर जागेवर राहायचा.

मुलगा हाताशी आल्यावर त्यानं एकदा विचारलं होतं, "बाबा, खोट दोघांची ना? मग मादीलाच का काढायचं?"

"नर तयार करायला जन्म जातो. माद्या बाजारात ढिगानं मिळतात."

"पण मग खोट आपल्याकडंच राहते की."

"राहू दे. झाकलेली आहे तोवर कुणाच्या बापाचं काय जातं?"

स्वयंपाकघराची खिडकी शेडवर उघडायची. आत टमरेलची बायको भांडी घासत होती. तिनं ते ऐकलं, आणि हातातलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

तिला झाकणं म्हणजे काय ते लग्न झाल्या झाल्याच कळलं होतं. नव्या घरातल्या पहिल्या रविवारी नवऱ्यानं दाराला कडी घातली आणि टोपी काढली. डोक्यावर काळे खुंट, आणि कपाळाच्या बरोबर मध्यावर, केस सुरू होतात तिथं, शंकरपाळ्याच्या आकाराचा एक पांढरा तुकडा. तेवढ्या जागेतले केस पांढरे, केसांखालची कातडीही पांढरी, दुधात बुडवून काढल्यासारखी. घोड्याच्या कपाळावर असतो तसा टिळा. ती तेव्हा पोरसवदा होती. तिनं बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "किती छान दिसतंय हो."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. मग वस्तरा तिच्या हातात दिला. "हे तुझं काम. दर रविवारी. न्हाव्याला तोंड असतं."

तो जिथं वाढला तिथं पोरं त्याला 'पट्ट्या' म्हणून हाका मारायची, चिंध्यांचे बोळे भिजवून कपाळावर नेम धरायची. त्याच्या बापालाही टिळा होता, म्हणून तिथं तो लपवणं शक्यच नव्हतं. ते ठिकाण सोडून तो इथं आला तो टोपी घालूनच. एवढं त्यानं तिला सांगितलं, तेही ती भादरत असताना, आरशाकडं बघत. त्यानंतर त्या विषयावर दोघांत बोलणं झालं नाही. दर रविवारी कडी, कोमट पाणी, साबणाचा फेस आणि वस्तऱ्याची खरखर, एवढंच.

मुलगा झाला तो काळ्या केसांचा. बाळंतपण टमरेलच्या आत्यानं केलं. तिनं पोराला उलटंपालटं करून बघितलं आणि टमरेलला आत बोलावलं. डोकं साफ होतं, पण डाव्या नडगीवर पोराच्याच इवल्या पंज्याएवढा पांढरा डाग होता. टमरेलनं धोतराची चिंधी फाडली, पोराचा पाय गुंडाळला आणि बाहेर येऊन रस्त्यात सांगितलं, "काय सांगू, आईच्याच हातून उकळतं पाणी सांडलं पोराच्या पायावर." आत्या घरातली, ती गिळून बसली आणि गिळलेलं घेऊनच गेली.

बायकोच्या पदरी आयुष्यभराचं ते एक वाक्य पडलं. नळावर बायका म्हणायच्या, "डोळे काय कपाळात गेले होते का गं?" ती म्हणायची, "चुकलं." मुलगा मोठा झाला तो आईच्या हातात गरम भांडं दिसलं की पाय मागं घेणारा. रागानं नव्हे, सवयीनं. त्याला ते लहानपणापासून शिकवलं होतं. आणि शिकवणारा शेडमध्ये लोकांच्या डुकरांवर पाणी ओतून खोट शोधत होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय.

मुलाचं लग्न त्याच रस्त्यावरच्या शिंप्याच्या थोरल्या मुलीशी झालं. सून बोलकी होती. सासऱ्याला तोंडावर विचारायची, "बाबा, टोपीसकट झोपता, स्वप्नं तरी आत जातात का?" टमरेलला तिच्याशी कसं वागावं ते कळायचं नाही. सासूला मात्र ती आवडायची. सून आल्यापासून त्या स्वयंपाकघरात कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

वर्ष उलटलं आणि सुनेला मुलगी झाली. दवाखान्यात दाई पोर बाहेर घेऊन आली ती हसतच. "बघा तरी, जन्मतःच म्हातारी!"

पोरीचे केस दाट, काळेभोर, आणि कपाळावर मध्यभागी पांढरी बट.

टमरेलनं पोरीकडं बघितलं आणि त्याचा हात आपोआप टोपीवर गेला. ते फक्त त्याच्या बायकोनं पाहिलं.

पोर घरी आली. पहिल्याच दिवशी सासू तिला न्हाऊ घालायला पदर खोचून बसली, तर मुलगा बायकोला म्हणाला, "आईकडं नको देऊस गं गरम पाणी. माझा पाय बघितलास ना?" सून संकोचली. पण तिचंही पहिलंच पोर. तिनं बादली आपल्याकडं ओढली आणि म्हणाली, "आई, तुम्ही पंचा धरून उभ्या राहा." सासू पंचा धरून उभी राहिली. त्या दिवशी आणि नंतर रोज. नातीच्या डोक्यावर पाणी पडताना ती चार हात लांबून बघायची. कडी लावलेल्या खोलीत नवऱ्याच्या डोक्यावर मात्र रविवारचं पाणी तीच ओतत होती.

टमरेलनं महिनाभर त्या बटेचा विषय काढला नाही. मग एक दिवस खाटीक बाद मादी न्यायला आला. सून पायरीवर पोरीला उन्हात घेऊन बसली होती. खाटकानं वाकून बघितलं, एकदा शेडकडं बघितलं आणि म्हणाला, "मालक, घरातही पैदास सुरू केलीत वाटतं? ठिपक्याची?"

विनोदच होता. खाटीक हसला, मादी टेम्पोत घातली आणि गेला. टमरेल मात्र तिथंच उभा राहिला. ज्याच्या घरात डाग, त्याच्या नराला कोण हात लावेल? आज खाटीक बोलला, उद्या बाजार बोलेल, परवा कुणीतरी म्हणेल टोपी काढा. त्यानं डबा भरला आणि तरातरा शिंप्याच्या दुकानात गेला.

दुकान म्हणजे एक खोली. दाराशी मशीन, मागं फळीवर कापडाचे तुकडे, जमिनीवर खडूचा भुगा. विजार सैल करून घ्यायला वाटेत थांबलेला खाटीक तिथंही बाकावर बसलेला. अजून दोघंतिघं.

"व्याही, डोकं पुढं करा," टमरेल म्हणाला.

"कशाला?"

"पोरीला हे कुठून आलं ते बघायचंय."

शिंपी गरीब माणूस. मुलीच्या संसारासाठी बाप काय करत नाही? त्यानं मशीनवरचा पाय काढला, चष्मा उतरवला, आणि गळ्यात टेप तशीच लटकत असताना मान खाली घातली. टमरेलनं पाणी ओतलं. बोटांनी केस दुभंगून, जनावराची बघतात तशी, त्याची टाळू बघितली. पाणी कापलेल्या कापडावर सांडलं. मग त्यानं विहीणबाईंना बोलावलं. त्यांनी रडत अंबाडा सोडला. धाकटी मुलगी, जिचं लग्न ठरत होतं, तिलाही पुढं यावं लागलं. पाणी, बोटं, टाळू. कुठं काही नव्हतं.

"झालं समाधान?" शिंप्यानं चेहरा पुसत विचारलं. "आमच्यात नाही कुणाला."

"दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. झाकली खोट आहे."

"पण मालक, तुम्हीच सांगता झाकली खोट दोघांची. मग अर्धी तुमचीही की."

खाटीक फिस्सकन हसला. टमरेलनं रिकामा डबा पालथा केला. मग तो म्हणाला, "आमचा नर तपासलेला आहे."

आता सगळेच हसले, आणि ते हसणं शिंप्याच्या घरावर होतं. त्यात टमरेल सुटला.

घरी येऊन त्यानं निकाल दिला. सुनेनं पोर घेऊन माहेरी जावं, मुलासाठी दुसरी बघू. सून पिशवी भरून दारात उभी राहिली ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत. "तुम्ही काहीतरी बोला."

नवरा नडगी खाजवत उभा होता. पट्टा उडी मारत नाही, मधल्याच्या अंगावर बसूनच पुढं सरकतो, हे त्यानं बापाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. रोज तो खाटकाच्या हाताखाली उकळत्या पाण्यात घातलेली डुकरं खरवडायचा. भाजलेली जागा कशी दिसते ते त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "बाबा म्हणतात तर काही दिवस जा. बघू मग."

"आई, तुम्ही तरी?"

सासूनं हातातला पंचा घडी करून सुनेच्या पिशवीत ठेवला. "सांभाळून जा," म्हणाली. एवढंच.

दुकानातलं हसणं रस्ताभर पसरायला वेळ लागला नाही. शिंप्याचं रक्त डागी. धाकटीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, मुलगी चांगली आहे, पण वेत तेच. हा 'वेत' शब्द टमरेलचाच. तो आता माणसांच्या तोंडी बसला होता.

पुढच्या रविवारी टमरेलनं कडी घातली, टोपी काढली आणि खुर्चीवर बसला. बायको आली नाही.

"अगं ए! पाणी निवतंय."

"हात थरथरतो माझा," ती दारापलीकडून म्हणाली.

"दाखव."

तिनं आत येऊन दोन्ही हात पुढं धरले. दगडासारखे स्थिर होते.

"कुठं थरथरतोय?"

"वस्तरा धरला की थरथरतो. कान गेला तर म्हणू नका."

त्यानं वस्तऱ्याच्या पात्याकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की हा वस्तरा ही रोज कुठं ठेवते ते आपल्यालाही माहीत असायला हवं होतं. "राहू दे आज," तो म्हणाला. पुढच्या रविवारी पुन्हा हात थरथरला. त्याच्या पुढच्याही. न्हाव्याकडं जाण्याची सोय नव्हती, आणि त्याला स्वतःला दाढी करतानाही गालावर ओरखडे पडायचे. तो टोपी अजून खाली ओढायला लागला. जेवताना भुवया दिसेनात.

मग एका सकाळी आरशासमोरून त्याचं खदाखदा हसणं ऐकू आलं. बायको बघायला गेली. टोपी जमिनीवर पडली होती. डोक्यावर बोटभर वाढलेले दाट केस होते, कपाळापासून मानेपर्यंत सगळे एकजात पांढरे. आठवड्याचे खुंट भादरता भादरता कधी पिकले ते त्याला कळलंच नव्हतं. तिला कळलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"दबलं!" तो टाळूवरून हात फिरवत ओरडला. "बघ, सगळं दबलं पांढऱ्याखाली! म्हातारपण काय वाईट असतं गं? उगाच लोक रडतात."

त्यानं ती टोपी डबा पुसायला घेतली. बोडक्यानं बाजारात गेला. लोक थांबून बघायला लागले. "अरे, मालकांना केस आहेत!" "उवा गेल्या वाटतं तीर्थाला." तो सगळ्यांना सांगायचा, गेल्या एकदाच्या. केसांतून बोटं फिरवायची त्याला सवय लागली. वाऱ्याला तोंड करून उभा राहायचा. तेवढे काही महिने तो सुखी होता, हे मान्य करायला हवं.

पांढऱ्या नरांचं वार्षिक प्रदर्शन भरलं तेव्हा त्यानं आपला सगळ्यात चांगला नर नेला. मुलगा दोरी धरायला, बायको पाणी भरायला. दर वर्षी तीच नळावरून डबे भरून आणायची आणि त्याच्या हातात द्यायची. कुंपणाभोवती गर्दी दाटली. टमरेलनं नराच्या मानेपासून शेपटीपर्यंत धार सोडली. केस चिकटले, खाली नितळ गुलाबी कातडी. "बघून घ्या," तो म्हणाला. "आतबाहेर एक. माझ्याकडं झाकपाक नाही."

"मालक," खाटीक कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "आणि नातीचं काय झालं मग?"

"काय व्हायचंय? मादी बदलली की वाण सुधारतं. दुसरी बघतोय पोराला."

लोक हसले. शिंपी गर्दीच्या मागच्या बाजूला होता. कुणाच्या तरी कोटाचं माप घ्यायला आला होता. तो खाली बघायला लागला.

टमरेलची बायको दुसरा भरलेला डबा घेऊन नवऱ्याशेजारी आली. "वाका जरा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"कानामागं घाण लागलीय."

एवढ्या वर्षांची बायको, तिच्यापुढं मान वाकवायची हाडालाच सवय. तो वाकला. तिनं कपाळापासून मागं, सावकाश, धार सोडली. सगळा डबा. केस भिजून टाळूला चिकटले. मग तिनं दोन्ही हातांच्या बोटांनी ते दुभंगले, रविवारी दुभंगायची तसेच.

सावळ्या टाळूवर, कपाळाच्या बरोबर वर, शंकरपाळ्याच्या आकाराची दुधासारखी पांढरी कातडी.

"न्या घरी," ती म्हणाली. "केस पांढरे आहेत, कातडी नाही."

तिथं उभी असलेली सगळी माणसं कातडी वाचणारी. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढचे जण कुंपणावर ओणवले. मग खाटीक, अगदी हळू आवाजात, जणू देवळात बोलतोय, म्हणाला, "मंडळी, पट्टेवाला जिवंत आहे."

"आणि जवळच आहे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि कुंपण हसण्यानं हललं.

टमरेल सरळ झाला. पाणी नाकावरून ठिबकत होतं. तो डोक्यावर टोपी चाचपत होता, आणि टोपी मुलाच्या पायाशी, डब्याचं फडकं होऊन पडली होती.

बायको मुलाकडं वळली. "भाजलेल्या जागी केस येत नाहीत रे. इतकी डुकरं खरवडलीस. तुझ्या नडगीवर केस आहेत, पांढरे. मी तुझ्यावर कधी पाणी सांडलं नाही."

मुलानं दोरी सोडली नाही. नर पहिला आला. येणारच, जनावर चोख होतं. आणि गिऱ्हाईकही तुटलं नाही, हे टमरेलला सगळ्यात लागलं. ज्या भीतीनं त्यानं टोपीत घामेजून आयुष्य काढलं आणि सून घालवली, ती भीती बाजाराला ठाऊकच नव्हती. लोक माद्या घेऊन येतच राहिले. "माणूस डागी असेना, डुक्कर साफ आहे," म्हणायचे, आणि फाटकातून हाक मारायचे, "पट्ट्या आहे का घरात?" ज्या नावापासून तो पळाला होता ते त्याला इथं येऊन सापडलं. त्यानं टोपी धुऊन पुन्हा घातली. आता ती काही झाकत नव्हती.

मुलगा दुसऱ्याच दिवशी शिंप्याच्या दुकानात बायकोला न्यायला गेला. ती मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला नाही. "विजार वर करा," म्हणाली. त्यानं दुकानातल्या चार माणसांसमोर केली. तिनं बघितलं. "पट्टा मधल्याच्या अंगावर बसून जातो. मी दारात उभी होते तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?"

त्यानं विजार खाली केली. "कळलं होतं."

"मग जा."

तो गेला. पुन्हा दोनदा आला, दोनदा परत गेला.

काही आठवड्यांनी सासू दुकानात आली. शिंप्यानं स्वतः उठून तिला स्टूल दिलं. "बसा विहीणबाई." ज्याच्या डोक्यावर तिच्या नवऱ्यानं पाणी ओतलं होतं त्यानं तिच्यासमोर पिण्याच्या पाण्याचा पेला धरला. तो घेताना तिचा हात खरंच थरथरला.

नात आता जमिनीवरून सरपटत होती, चिंध्या तोंडात घालत. तिच्या डोक्यावर टोपी होती. मऊ कापडाची, नीट बेतलेली, भुवयांपर्यंत, हनुवटीखाली नाड्यांनी बांधलेली. शिंपी आजोबांच्या हातची शिवण, कुठं सैल नव्हती.

सासू नाडी सोडायला वाकली.

"हात लावू नका," सून म्हणाली.

"अगं, पण आता सगळ्यांना कळलंय ना. तुमच्याकडचं नाही ते. सगळ्यांनी बघितलं."

"इथल्यांनी बघितलं. धाकटीला लांबचं स्थळ आलंय. ते लोक इथं येतील तेव्हा त्यांना बाबांचं डोकं दिसणार नाही, हिचं दिसेल. तुम्ही काय डबा घेऊन त्यांच्याही गावाला जाणार?" मशीन थांबलं. "त्या दिवशी तुम्ही दारात बोलला असतात, तर ही टोपी शिवावी लागली नसती. तुम्ही पंचा दिलात."

सासूनं हात मागं घेतला. शिंपी मध्ये पडला, तो वाद मिटवायला. खरोखरीच काळजीनं म्हणाला, "विहीणबाई, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारतो. आत घाम येतो, पुरळ उठतं. आणि बट टोपीखालून बाहेर येते ती येतेच. काय करायचं?"

बाई पोरीकडं बघत बसली. मग म्हणाली, "आठवड्याला भादरायचं. पण कपाळाकडून मागं. मागून पुढं आणलं तर कातडी सोलते, ती पांढरी जागा नाजूक असते."

"आमचा हात नाही बसत," शिंपी म्हणाला. "एकदा केलं तर रक्त आलं."

सुनेनं सासूकडं बघितलं. आत गेली. परत आली ती वाटी, वस्तरा आणि पाण्याचा मग घेऊन. सगळं सासूच्या पुढ्यात ठेवलं आणि पोरीची नाडी सोडली. टोपी निघाली. मधोमध पांढरी बट, घामानं कपाळाला चिकटलेली. पोरीनं आजीकडं बघून दोन दातांचं तोंड उघडलं.

"पाणी कोमट आहे," सून म्हणाली. "बघून घ्या."

सासूनं मनगटावर पाणी घेऊन बघितलं. मग पोरीला मांडीत धरून, एक तळवा तिच्या डोळ्यांवर आडवा ठेवून, नातीच्या डोक्यावर पहिल्यांदा पाणी ओतलं. पोर हसली. आजीनं वस्तरा उघडला. हात थरथरत नव्हता.